लिहून देणार मालती

हुबळी, देशपांडे नगर
११ जुलै २०२४

नेत्रास,

हे पत्र मालतीकडून आहे. तुझ्या अप्पांची दुसरी बायको म्हटलं तर लगेच कळेल. वर 'चिरंजीव' वगैरे घातलं नाही, कारण तुला ते आवडणार नाही आणि मलाही ते खोटं वाटेल. पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. निपाणीत तू अजून त्याच घरात आहेस असं धरून लिहिते.

मी काही गयावया करायला लिहीत नाही. काम आहे, ते सरळ सांगते.

मयूर, माझा मुलगा, गोकुळ रोडला वर्कशॉप चालवतो. व्हॉल्व्हचे भाग करून देतो. आता त्याला मोठी मशीन घ्यायची आहे. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण राहतं घर तारण म्हणून पाहिजे. घर म्हणजे हेच, देशपांडे नगरमधलं. उताऱ्यावर माझं आणि मयूरचं नाव आहे, तेवढ्यानं भागेल असं आम्हाला वाटलं होतं. बँकेच्या वकिलांनी मूळ खरेदीखत मागितलं. ते अप्पांच्या ट्रंकेत होतं. अप्पा जाऊन पंधरा वर्षं झाली, ट्रंक कुणी उघडली नव्हती. वर सगळा दुकानातला जुना माल, खाली कागद. मयूर भोळा. त्यानं खत काढलं आणि मला न दाखवता थेट वकिलांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

वकील म्हणजे बाळाचार्य, आपल्याच गल्लीच्या टोकाला राहतात. त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावलं. खत १९७३ सालचं आहे आणि तुझ्या आईच्या नावावर आहे. ते म्हणाले, "मालतीबाई, बँक भिंतीला पैसे देत नाही, कागदाला देते. आणि कागदावर या घराच्या मालकीणबाई अजून शकुंतलाबाईच आहेत."

हे नुसतं नावापुरतं होतं, नेत्रा. त्या काळी दुर्गदबैलाच्या बाजारातले निम्मे कापडवाले घर बायकोच्या नावावर घेत. कष्ट तुझ्या अप्पांचे. पण कायद्याला ते सांगून काय उपयोग?

त्या खतात तुझंही नाव आहे. 'मुलगी कु. नेत्रा, वय २.' म्हणून तुझी सही लागते. सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा जोडलाय. कानडीत आहे, तुला वाचता येईल. या घरातला तुझा हक्क तू माझ्या आणि मयूरच्या नावे सोडतेस एवढंच त्यात आहे. हुबळीला एक दिवस यावं लागेल, सब-रजिस्ट्रारकडे फोटो आणि अंगठा. येण्याजाण्याची गाडी मयूर करील. बँकेची मुदत एकतीस जुलैपर्यंत आहे. त्याच्या आत झालं नाही तर कर्ज गेलं आणि मशीनसाठी दिलेला ॲडव्हान्सही गेला.

मी सत्तर वर्षांची झाले. तब्येत बरी आहे. हल्ली फक्त कान वाजतात. बाजारातून आले, कुलूप काढून दार ढकललं की आतून कुणीतरी विचारतं, 'कोण पाहिजे?' बाईमाणसाचा आवाज. घरात कुणी नसतं. पूजा, म्हणजे सून, म्हणते कानाच्या डॉक्टरकडे जाऊया. बघू.

मसुद्यावर सही आत्ताच करू नकोस, ती इथं येऊनच करायची असते. फक्त येतेस का ते कळव.

मालती


हुबळी
२२ जुलै २०२४

नेत्रास,

तू पाठवलेला लिफाफा परवा मिळाला. आत माझाच मसुदा. सही नाही, चिठ्ठी नाही, 'होय' नाही, 'नाही'ही नाही. पूजानं तो उलटापालटा केला आणि म्हणाली, ही बाई फार मानी दिसते. मयूर जेवला नाही.

मी तो मसुदा घेऊन देवघरात बसले. चष्मा लावून पानन् पान पाहिलं. दुसऱ्या पानावर एका ओळीखाली पेन्सिलीची बारीक रेघ दिसली. 'लिहून देणार: नेत्रा, कै. शकुंतला व कै. मुकुंदराव यांची मुलगी.' बाकी कुठं काही नाही.

ती ओळ मी पुन्हा वाचली. मग लक्षात आलं की या घरातून बाहेर पडलेल्या कुठल्याच कागदावर तुला असं म्हटलेलं नव्हतं. म्हटलं ते आत्ता, तेही तुझ्याकडून घर काढून घ्यायचं होतं म्हणून.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी खोटी लिहिली. घर नावापुरतं तुझ्या आईचं नव्हतं. खतात स्वच्छ लिहिलंय की वडिलांनी दिलेल्या चार पाटल्या आणि एक चंद्रहार मोडून, 'स्वतःच्या व मुलगी कु. नेत्रा हिच्या राहण्यासाठी' शकुंतलेनं हे घर घेतलं. अप्पांचं दुकान तेव्हा भाड्याचं होतं, त्यांच्याकडे काय असणार? हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, मी ताक करत होते, ऐकलं. आणि ऐकलंच नाही असं ठरवलं.

दुसरंही सांगते, मग तू काय ते ठरव. बाळाचार्यांनी मला हिस्से समजावले. मी म्हटलं, दोन आणे चार आणे काय असेल ते तिचं सांगा. त्यांनी पाटीवर सहा रेघा मारल्या. आई गेली तेव्हा निम्मं घर तुझं झालं आणि निम्मं अप्पांचं. म्हणजे तीन तुझे, तीन त्यांचे. अप्पा गेले तेव्हा त्यांच्या तिनांतला एक मला, एक मयूरला आणि एक पुन्हा तुला. सहातले चार तुझे, नेत्रा. एक माझा. अठ्ठेचाळीस वर्षं मी या घराच्या फरशा पुसल्या, आणि माझ्या वाटणीला फार तर स्वयंपाकघर येतं.

मी घरी येऊन स्वयंपाकघरात बसले खरी. पूजाला वाटलं चक्कर आली.

तुझ्या आईला मी कधी पाहिलं नाही. फोटो एकही नव्हता, सासूबाई म्हणत गेलेल्या माणसाचा फोटो घरात नको. होता तो फक्त चांदीचा टाक. देव्हाऱ्यात खंडोबा-यल्लम्माच्या शेजारी, बोटभर, वर ठोकून काढलेली उभी बाई. सवतीचा टाक. मी घरात पाऊल टाकलं त्या दिवशी सासूबाईंनी हात धरून तिच्यापुढे बसवलं आणि सांगितलं, ही थोरली, तू धाकटी. नवीन लुगडं आलं की आधी तिच्यापुढे ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं, 'बाई, नेसू का?' विचारायचं आणि मगच घडी मोडायची. नवा दागिना, पहिला आंबा, दिवाळीचं पहिलं तेल, सगळं आधी तिला. मी ते केलं. एकदा सोडून कधी चुकले नाही. चिंचेनं घासघासून तिचं तोंड पार गुळगुळीत झालंय. आता तिथं नाक नाही, डोळे नाहीत, नुसता उजेड दिसतो.

मला वाटायचं, एवढं सगळं तिला आधी देते, म्हणजे माझ्याकडे तिचं काही राहिलेलं नाही.

हल्ली ती मला सकाळी पालथी सापडते. तीनदा झालं. उंदीर असेल. पूजानं पिंजराही लावला, पण त्यात काही आलं नाही.

मुदत एकतीसला संपते. बाळाचार्यांनी दुसराही एक रस्ता सांगितलाय. तो काय ते मला या पत्रात लिहववत नाही. तू आलीस तर तो रस्ता लागायचाच नाही. ये.

मालती


हुबळी
३१ जुलै २०२४

नेत्रास,

आज मुदत संपली. आता तुझ्याकडे मागण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

दुसरा रस्ता असा होता. बाळाचार्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ही मुलगी हयात आहे का?" मयूरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चौकशी करावी लागेल. त्यावर ते म्हणाले, लहानपणीच गेली असेल तर हिश्शाचा प्रश्नच येत नाही, इतक्या जुन्या काळचा मृत्यूचा दाखला नसेल तर तुम्ही प्रतिज्ञापत्र करून द्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, ते अठ्ठ्याऐंशी साली या गल्लीत आले. मला ठाऊक होतं. तू निपाणीत आहेस, शाळेत शिकवतेस, हे मी 'चौकशी करावी लागेल' म्हणताना मला ठाऊक होतं.

तुझा लिफाफा आला त्याच दिवशी मयूर प्रतिज्ञापत्र टाइप करून घेऊन आला. 'कै. शकुंतला यांची एकुलती मुलगी कु. नेत्रा ही बालपणीच अविवाहित मयत झाली.' खाली माझं नाव, सहीला जागा. मयूर वाईट नाही, नेत्रा. त्याच्याकडे सहा माणसं कामाला आहेत. तो म्हणाला, "अव्वा, ती तर काही बोलतच नाही. एक सही कर की. कुणाचं काय जातंय?"

काल मंगळवारी कोर्टाजवळच्या नोटरीकडे जायचं ठरलं होतं. बाहेर पडताना नेसायला मयूरनं नवी साडी आणली होती. त्याला वाटलं मी खूश होईन. मी ती सवयीनं टाकापुढे ठेवली, हळदकुंकू लावलं, आणि विचारलं, "बाई, नेसू का?"

विचारलं आणि हात तिथंच थांबला. अठ्ठेचाळीस वर्षं मी तिला साडीचं विचारत आले. घराचं एकदाही विचारलं नाही. तिच्या पोरीचं तर नाहीच.

आता ते एकदा चुकलं त्याचं सांगते. तुला आठवत असेल किंवा नसेल. शहात्तरची दिवाळी. अप्पांनी दुकानातून पोपटी इरकल आणलं. मी बावीस वर्षांची, पोटात तीन महिन्यांचं. मला वाटलं, एकदा तरी कोरी साडी माझी मी नेसावी. कुणाला न विचारता घडी मोडली आणि आरशासमोर उभी राहिले. तू दारात आलीस. पाच वर्षांची होतीस. पायापासून वरपर्यंत मला बघितलंस आणि म्हणालीस, "आईला विचारलंस?"

एवढंच म्हणालीस. रागानं नाही, भाजीत मीठ घातलंस का विचारावं तसं.

सहाव्या दिवशी माझं पोट पडलं. सासूबाई म्हणाल्या, थोरली कोपली, ही पोरगी तिचा डोळा आहे. मी ते खरं मानलं. खोटं कशाला सांगू, मला ते खरं मानायला बरं वाटलं. मी रडूनओरडून अप्पांना सांगितलं, एकतर ती राहील नाहीतर मी. संक्रांत झाल्यावर तुझे नागोजीमामा आले. शाळेसाठी नेतो असं गल्लीत सांगितलं. तू जाताना ओट्यावर थांबून मला विचारलंस, परत कधी यायचं? मी म्हटलं, नागपंचमीला. पंचमीला तुला न्यायला येतील.

कुणी आलं नाही. मीच पाठवलं नाही. मामांची चार पत्रं आली. ती मी बंबात घातली.

आणि मग ब्याण्णव साल. तुझा पत्ता मला कुठून मिळाला, ते आता सांगते. दुपारची वेळ, अप्पा आत जेवत होते. बेल वाजली. दारात पिवळ्या साडीतली उंच मुलगी, हातात लग्नपत्रिका. कपाळ हुबेहूब अप्पांचं. बघताक्षणी ओळखलं मी तुला. तू चपला काढून आत पाऊल टाकणार, तेवढ्यात मी चौकट अडवून विचारलं, "कोण पाहिजे?"

"अप्पा आहेत का?"

"नाहीत."

तू पत्रिका माझ्या हातात दिलीस. खाली वाकून परत चपला घातल्यास. डाव्या चपलेचा पट्टा लागेना, तू बराच वेळ वाकून होतीस, आणि मी वरून बघत उभी होते. आत गेले तेव्हा अप्पांनी विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, पापडवाली. ते ताटावरून उठले नाहीत, पण भात तसाच राहिला. मला वाटतं त्यांनी आवाज ओळखला होता. ते बाहेर का आले नाहीत, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते भित्रे होते, मी कजाग होते, एवढं खरं. निपाणीचा पत्ता असलेली ती पत्रिका मी टाकाच्या डबीखाली ठेवली. ती फाडायचा मला धीर झाला नाही.

अठ्ठ्याण्णव साली उताऱ्यावर अप्पांचं नाव लावायचं होतं. वंशावळ करून द्यायची होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून मी लिहिली. वर शकुंतला, बाजूला मुकुंदराव. अप्पा म्हणाले, नेत्रा? मी म्हटलं, ती दिल्या घरी सुखी आहे, तिचं इथं काय? शकुंतलेच्या नावाखाली मी रेघ ओढलीच नाही, 'निपुत्रिक' असं लिहिलं. त्यांनी सही केली आणि दुकानात गेले. त्या रात्रीपासून अंथरूण माडीवर टाकलं, ते शेवटपर्यंत.

तर काल नोटरीसमोर कारकुनानं बोटानं जागा दाखवली, "अज्जी, इल्ली सही माडरी." मी पेन टेकवलं. पहिलं अक्षर झालंही असेल. आणि मला ते ऐकू आलं, माझ्याच पाठीमागून, पाच वर्षांच्या पोरीचा आवाज, अगदी तसाच. आईला विचारलंस?

मी पेन खाली ठेवलं. कारकुनाला म्हटलं, ही मुलगी जिवंत आहे.

मयूर मला बाहेर घेऊन आला. रस्त्यावर म्हणाला, अव्वा, तू माझ्या पोटावर पाय दिलास. म्हणाला, एवढं होतं तर आधी का नाही बोललीस, मशीनवाल्याचा ॲडव्हान्स बुडाला, सहा माणसांना मी काय सांगू. सगळं खरंच बोलला. आम्ही रिक्षात बसलो. बरंच अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, "ती दिसायला कशी आहे?"

त्याला एवढंच म्हटलं, कपाळ तुझ्या अप्पांचं आहे.

मालती


हुबळी
६ ऑगस्ट २०२४

नेत्रा,

हे पत्र पोस्टानं येत नाही. मयूर घेऊन येतोय. दारात जो टक्कल पडत चाललेला चव्वेचाळीस वर्षांचा माणूस उभा आहे, तो तुझा भाऊ. त्याला आत घे असं मी म्हणणार नाही. पाणी तेवढं दे, त्याला प्रवासात पित्त होतं.

त्याच्याजवळ एक पिशवी आहे, एक लिफाफा आहे आणि एक किल्ली आहे.

लिफाफ्यात तुझ्या आईचं मूळ खरेदीखत. ते तुझं. त्यासोबत एक नवीन कागद, काल सोमवारी सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेला. बाळाचार्यांना मी म्हटलं, तोच मसुदा घ्या, फक्त नावं फिरवा. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, सहाव्या हिश्शासाठी कुणी एवढं करत नाही, आणि तुम्ही राहणार कुठं? मी म्हटलं, ते घरमालकीण ठरवील. तर आता 'लिहून देणार' या ओळीत मालती आहे, आणि 'लिहून घेणार' या ओळीत तू. फोटोत माझे डोळे मिटलेत. पुन्हा काढू म्हणाले, मी राहू दे म्हटलं.

वंशावळही नवी दिलीय. पट्टी घेऊन शकुंतलेच्या नावाखाली रेघ ओढली, आणि रेघेच्या टोकाला तुला लिहिलं. जुनी वंशावळ खोटी होती आणि ती मी लिहिली होती, असं प्रतिज्ञापत्रही केलं. त्याच नोटरीकडे, त्याच कारकुनासमोर. बाळाचार्य म्हणाले, याचा त्रास होऊ शकतो. होऊ दे.

मयूरचा हिस्सा त्याच्यापाशीच आहे. तो मी मागितला नाही, तो सोडेल असंही मला वाटत नाही. ते तुम्ही बहीणभाऊ बघा. पूजा माझ्याशी दोन दिवस बोललेली नाही. आज पोळ्या लाटताना म्हणाली, तुम्ही मोकळ्या झालात, आम्ही कुठं जायचं? तिचं चूक नाही. मयूर जुनी मशीन भाड्यानं घ्यायच्या खटपटीत आहे, सहातल्या दोन माणसांना त्यानं पुढच्या महिन्यापासून येऊ नका सांगितलं. तेही माझ्याच माथ्यावर.

आता पिशवी. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की ट्रंकेत वर जुना माल होता. तो माल नव्हता. ते खण होते, गुळेदगुड्डचे, कोरे. प्रत्येकाला अप्पांनी दुकानाची चिठ्ठी लावलीय, किंमत नाही, नुसतं साल. सत्याहत्तरपासून दोन हजार आठपर्यंत. बत्तीस खण. पंचमीला माहेरी आलेल्या मुलीची ओटी भरायला दरसाल एक बाजूला काढत होते. मला वाटायचं, पंचमीच्या आधी हा माणूस माडीवर काय करतो? ट्रंक उघडली तेव्हा मी चिठ्ठ्या वाचल्या, आणि तुला 'जुना माल' असं लिहिलं. एवढं कळल्यावरही लिहिलं. ते सगळे तुला पाठवतेय. काहींना कसर लागलीय.

टाक पाठवत नाही. ती तिच्या घरात आहे, तिला कुठं हलवू? हल्ली पालथी पडत नाही. पण आवाज थांबलेला नाही. काल नोंदणी करून आले, दार उघडलं, आणि आतून विचारलंच, 'कोण पाहिजे?' आता मला कळतं तो कुणाचा आवाज आहे. तुझ्या आईचा नाही, मी उगीच तिच्यावर घातलं. तो माझा आहे. ब्याण्णव सालचा. मी दारात उभी राहून जे विचारलं, ते घरानं अजून सोडलेलं नाही.

परवा नाही, तेरवा शुक्रवारी पंचमी आहे. मयूर तुला न्यायला आलाय. सत्तेचाळीस वर्षं उशीर झाला. पूजा रागात आहे तरी उंडे करतेय, तिळाचे आणि शेंगदाण्याचे लाडू. येशील की नाही मला माहीत नाही. नाही आलीस तर खण ठेवून घे, किल्लीही ठेवून घे.

आलीस तर एवढं कर. किल्लीनं दार तू उघड. त्या वेळी घरात कुणी नसेल, मी पूजाला घेऊन सकाळीच सिद्धारूढ मठात जाणार आहे. घर बघ. उजव्या हाताला देवघर आहे, तुझी आई तिथं आहे. तिच्याशी काय बोलायचं ते बोल, माझं काही चांगलं सांगू नकोस.

अकरा वाजता मी येईन. माझ्याकडे किल्ली नाही, म्हणून बेल वाजवीन. तू दार उघड आणि मला विचार, कोण पाहिजे. चौकट अडवून विचारलंस तरी चालेल. मी सांगेन कोण पाहिजे ते. त्यावर तू 'नाही' म्हणालीस तर मी ओटा उतरून जाईन.

चपला मी पायातच ठेवीन.

मालती